संस्थेचा इतिहास लिहायचाय? करंडकांच्या कपाटापासून सुरुवात करू नका

दर दोन-चार महिन्यांनी कुणाचा ना कुणाचा फोन येतो, आमच्या नाट्यसंस्थेला पन्नास वर्षं होतायत, स्मरणिका काढायचीय, तुम्ही तुमच्या संस्थेची केलीत ना मग कशी केलीत ते सांगा. प्रत्येकाला तासतासभर फोनवर सांगण्यापेक्षा म्हटलं एकदाच लिहून टाकू. मी काही इतिहासकार वगैरे नाही, पंचवीस वर्षं बॅकस्टेज केलंय, लेव्हल (स्टेजवरचे लाकडी चौथरे) उचलल्यात आणि एक स्मरणिका काढलीय, तेवढाच अधिकार.

पहिली चूक सगळे हीच करतात. कार्यालयातलं कपाट उघडतात, करंडक मोजतात आणि त्याच क्रमाने लिहायला बसतात. अमुक साली प्राथमिक फेरीत पहिले, तमुक साली नेपथ्याचं दुसरं, आणि मध्ये मध्ये मान्यवरांचे शुभेच्छा संदेश. असली स्मरणिका घरी नेऊन कुणी वाचत नाही हो, स्वतःचं नाव शोधतात आणि ठेवून देतात. बक्षीस मिळालं ती सात-आठ वर्षं, मग बाकीची चाळीस वर्षं संस्था काय करत होती?

म्हणून सुरुवात करायची कीर्दवहीपासून, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीपासून. खजिनदारांकडे नाहीतर त्यांच्या मुलाच्या माळ्यावर जुन्या वह्या असतात, त्या माणसाच्या मागे लागा. आमच्या वहीत एका प्रयोगाचा खर्च असा सापडला: ड्रेपरी (कपडेपट), रंगभूषा, ट्रक भाडं, चहा, आणि 'स्त्री कलाकार नाइट'. ही शेवटची नोंद वाचून मी थांबलोच. गावातल्या मुली काम करत नव्हत्या म्हणून बाहेरून नटी बोलवायची आणि नाइटचे पैसे द्यायचे, आणि एका ठरावीक सालानंतर ही नोंदच बंद! म्हणजे त्या वर्षी गावातली कुणीतरी पहिली बाई आमच्या स्टेजवर उभी राहिली. कुठल्या करंडकावर हे लिहिलेलं नव्हतं. आमच्या स्मरणिकेतलं सगळ्यात चांगलं प्रकरण त्यातून निघालं.

कीर्दीनंतर मिटिंगांची इतिवृत्तं, हॅन्डबिलं, नाट्यगृहाच्या बुकिंगच्या पावत्या. संस्था नोंदणीकृत असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात शेड्यूल वनचा उतारा मागा, नोंदणीपासून कोण विश्वस्त होते आणि कधी बदलले ते त्यात मिळतं (अर्थात तुमच्या लोकांनी बदल अर्ज वेळेवर भरले असतील तर, आमच्या लोकांनी अकरा वर्षं भरलेच नव्हते). संहितेच्या जुन्या प्रती मात्र अजिबात टाकू नका. त्यात पेन्सिलने केलेल्या खुणा असतात, कुठे लाइट, कुठे पॉज, कुठल्या वाक्याला प्रॉम्प्टरने जीव मुठीत धरायचा. आणि संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकाचं सेन्सॉर म्हणा) प्रमाणपत्र जोडलेलं असेल तर उत्तमच, त्यावर पक्की तारीख असते.

तारखेचा घोळ हा स्वतंत्र विषय आहे. जुन्या हॅन्डबिलावर 'शनिवार दि. १६ डिसेंबर, रात्रौ ९॥ वाजता' एवढंच असतं, साल नसतंच, कारण छापणाऱ्याला काय माहीत की पन्नास वर्षांनी कुणीतरी डोकं खाजवत बसेल. अशा वेळी वार आणि तारीख जुळवायची. १९५० ते १९८० मध्ये १६ डिसेंबरला शनिवार १९५०, १९६१, १९६७, १९७२ आणि १९७८ लाच येतो, म्हणजे पाचच पर्याय उरले. आता बाकीच्या खुणा बघा. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचं, कारण पिनकोडच तेव्हा सुरू झाला. तिकिटाचे दर आण्यात असतील तर साधारण १९५७ च्या आधीचं, 'न.पै.' (नवे पैसे) असेल तर १९५७ ते १९६४ च्या आसपासचं. 'मुंबई राज्य' छापलं असेल तर १ मे १९६० च्या आधीचं. मला तर यात नाटकापेक्षा जास्त मजा आली, बायको म्हणायची हा काय डिटेक्टिव्हपणा चाललाय रात्री दोन वाजता.

आणि लोकांच्या आठवणीवर साल लिहू नका, प्लीज. आमच्या एका गाजलेल्या नाटकाचं साल पाच ज्येष्ठांनी छातीठोकपणे ७४ सांगितलं, मी तसंच मुखपृष्ठावर टाकलं, छापून आलं आणि महिन्याभराने प्रमाणपत्र सापडलं, ७६ चं. पाचही जण एकाच कट्ट्यावर रोज बसतात, एकाची चूक सगळ्यांना पाठ झाली होती.

म्हणजे आठवणी घ्यायच्याच नाहीत असं नाही, उलट त्याच घ्यायच्या, पण साल विचारायला नाही. आणि नटांकडे आधी जाऊ नका. नट स्वतःच्या एन्ट्रीच्या टाळ्या सांगतो (रागावू नका, मीही दोनदा शिपायाचं काम केलंय, मला पण टाळ्याच आठवतात). आधी प्रॉम्प्टर, लाइटवाला, पडदा ओढणारा, तालमीला चहा आणणारा. एकेकट्याला भेटा, घोळक्यात बोलवलंत तर जो मोठ्याने बोलतो त्याचाच इतिहास होतो. 'संस्थेबद्दल दोन शब्द सांगा' म्हटलंत की भाषण सुरू होतं, त्यापेक्षा एखादा फोटो हातात द्या आणि विचारा, हा कोपऱ्यातला कोण? तालीम कुठे व्हायची? किल्ली कुणाकडे असायची? घरी किती वाजता पोचायचात आणि दार कोण उघडायचं? मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण आधी विचारून.

बायकांच्या नावांकडे नीट लक्ष द्या. माहेरच्या नावाने चार नाटकं आणि सासरच्या नावाने दोन, आणि यादीत त्या दोन वेगळ्या बाया होऊन बसतात. कुठलं नाव छापायचं ते त्यांनाच विचारायचं.

तालमीच्या जागेचं मी मुद्दाम म्हणतोय. विजया मेहतांची 'रंगायन' १९६० मधली, त्यातूनच पुढे १९७१ मध्ये अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी 'आविष्कार' काढली, आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग सुरू केले. त्या सगळ्या प्रायोगिक चळवळीला नाव पडलं 'छबिलदास', ना नटाचं ना नाटकाचं, शाळेच्या हॉलचं! परवडणारी जागा मिळाली म्हणून केवढं काय काय झालं. तुमच्या संस्थेची पण एखादी शाळा, देवळाचा सभामंडप, कुणाची तरी गच्ची असणारच. ती गेली तेव्हा काय झालं ते शोधा. आमची जागा गेली आणि तीन वर्षं एकही नवीन नाटक आलं नाही, लोकांना मात्र वाटत होतं टीव्हीमुळे आलं नाही.

आता अवघड भाग. फूट. प्रत्येक संस्थेत पडलेली असते आणि प्रत्येक स्मरणिकेत 'काही अपरिहार्य कारणास्तव' या तीन शब्दांत गुंडाळलेली असते. माझं मत आहे की लिहावी. पुण्यात भालबा केळकरांची नाट्यसंस्था पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) १९५१ ची, तिथे १६ डिसेंबर १९७२ ला 'घाशीराम कोतवाल' आलं, वाद झाला, संस्थेने प्रयोग थांबवले आणि नाटक करणारी मंडळी बाहेर पडून १९७३ मध्ये 'थिएटर अकॅडमी' उभी राहिली. जब्बार पटेल, सतीश आळेकर, मोहन आगाशे ही सगळी त्यातली. हे आज उघडपणे लिहिलं-बोललं जातं आणि त्याने पीडीएचं नाव काही कमी झालं नाही. (आणि हो, वरचं ते शनिवारचं उदाहरण उगाच नव्हतं घेतलं.) लिहिताना एवढंच पाळा की दोन्ही बाजूंना भेटा, दोघांना आपापला मजकूर छापण्याआधी दाखवा, आणि कारण पैशाचं असेल तर वहीत दिसतं तेवढंच लिहा. आमच्याकडे बाहेर पडलेल्यांचे फोटो आमच्यापेक्षा चांगले जपलेले निघाले, त्यांनी ते दिले पण.

फोटो स्कॅन करताना सहाशे डीपीआयला करा, मागची बाजू पण करा, नावं तिथेच असतात. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर बिलकुल नको. मूळ फोटो लगेच परत, सही घेऊन. पार्श्वसंगीताच्या कॅसेट असतील तर जाणत्या माणसाकडून डिजिटल करून घ्या, घरच्या जुन्या टेपरेकॉर्डरने आमची एक खाल्ली.

मग सगळं एका एक्सेलमध्ये. एक ओळ म्हणजे एक प्रयोग: तारीख, गाव, नाटक, कोण कोण, उत्पन्न, खर्च, आणि हे कशावरून कळलं ते. हा शेवटचा रकाना कंटाळवाणा आहे पण तोच नंतर भांडणं मिटवतो. ओळी भरल्या की वाढ आपोआप दिसते, कुठल्या वर्षी नवीन नावं आली, कुठल्या वर्षी तेच सहा जण सगळं करत होते, कर्ज कधी झालं आणि कुणी फेडलं. रिकामी वर्षं पण तशीच दाखवा. २०२० चं कारण सगळ्यांना माहितीये, बाकीच्यांचं विचारावं लागेल.

लिहायला एकच माणूस बसवा. समितीने लिहिलं की ते इतिवृत्तासारखं वाचायला लागतं. नाटकातले उतारे छापणार असाल तर लेखकाची किंवा वारसांची परवानगी घ्या. प्रूफ मात्र तिघांनी वाचायचं आणि त्यात एक जुना प्रॉम्प्टर हवाच, त्याची नजर चुकलेल्या शब्दावर बरोबर पडते.

शेवटी दोन पानं कोरी सोडा. छापून आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून फोन येतात, आमच्या वडिलांचं नाव राहिलं म्हणून. आम्ही त्यांना सांगायचो, या, तुमच्या हाताने लिहा. वाचनालयाला दिलेल्या प्रतीत आतापर्यंत सतरा नावं झालीत, त्यातलं एक ट्रक ड्रायव्हरचं आहे, आणि ते मला खरंच आठवायला हवं होतं.