दवाखान्याचं रेकॉर्ड कॉम्प्युटरवर नेताय? या चुका टाळा

नाशिकच्या कॉलेज रोडचं चकाचक क्लिनिक असो नाहीतर सुरगाण्याकडचा एकट्या डॉक्टरचा दवाखाना, तक्रार ठरलेली, पैसे भरले, ट्रेनिंग झालं आणि थोड्या दिवसांत परत केसपेपरवर आलो. शिव्या सॉफ्टवेअरला बसतात, पण माझं मत विचाराल तर बहुतेक वेळा गडबड रिसेप्शनवरच झालेली असते, पेशंट नक्की कोण हेच नीट नोंदवलेलं नसतं.

आता बघा, गर्दीत सगळे मोबाईल नंबरवर पेशंट शोधतात. गावाकडे घरात फोन एकच, त्यावर सासू, सून, नातू सगळे, मग सासूची बीपीची गोळी सुनेच्या नावावर चढते. एकदा सुनीता, एकदा सुनिता, एकीकडे माहेरचं आडनाव, दुसरीकडे सासरचं, झाले एका बाईचे तीन पेशंट. वयाचा घोळ वेगळाच, नुसतं ४५ टाकलं तर काही सॉफ्टवेअरमध्ये ती बाई पाच वर्षांनीही ४५चीच, म्हणून जन्मसाल टाका, माहीत नसेल तर अंदाजे साल टाकून शेजारी "अंदाजे" लिहा. नवीन नोंदीआधी नाव, वय, गाव तिन्ही लावून शोधा. आणि डुप्लिकेट सापडलं की डिलीट मारू नका हो, मर्ज करा, त्या दुसऱ्या फाईलमध्येच पेनिसिलिनच्या ॲलर्जीचा शेरा असायचा.

आभाचं, म्हणजे पेशंटच्या सरकारी डिजिटल हेल्थ खात्याच्या नंबरचं पण असंच झालंय. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालं, तेव्हापासून १४ अंकी नंबर धडाधड काढले जातात पण त्याला रेकॉर्ड लिंक करायचं राहून जातं, मग तो नंबर असून नसल्यासारखा. पेठ-सुरगाण्याची माणसं द्राक्षाच्या कामाला निफाड-दिंडोरीत येतात, शुगरचा पेशंट पिंपळगावात चक्कर येऊन पडला तर त्याचे कागद गावात. तिथे आभा खरं कामाचं, पेशंटने परवानगी दिली की जुने रिपोर्ट दिसतात, फक्त दोन्हीकडचे दवाखाने जोडलेले हवेत. आणि ते सक्तीचं नाही, कोणी नको म्हणालं तर उपचार अडवायचे नाहीत.

लाइट गेली की सिस्टीम बंद, ही हरसूल-इगतपुरीकडची पावसाळ्यातली नेहमीची रड. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर असतो पण राउटर साध्या प्लगला! तो आधी हलवा. नेटच नसेल तिथे ऑफलाइन चालणारं आणि नंतर आपोआप सिंक होणारंच घ्या, डेमोसुद्धा वायफाय बंद करून बघा.

डॉक्टरांचा पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असतो, हे शहरातच जास्त बघायला मिळतं. सगळे एकाच लॉगिनने शिरले तर डोस कोणी बदलला ते कधीच कळणार नाही. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्या, कंपाउंडरलाही.

निदानाच्या रकान्यात एक जण "शुगर" लिहितो, दुसरा "डायबेटीस", तिसरा "डीएम", आणि मग डायबेटीसच्या पेशंटची यादी काढायला गेलं की अर्धे गायब. आयसीडी-१०, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोडच्या यादीतून निवडायची सवय लावा, सुरुवातीला नेहमीचे वीस-पंचवीस आजार फेव्हरिटमध्ये टाकले की रोजची ओपीडी भागते.

जुनी सगळी कपाटं टाइप करायच्या भानगडीत पडू नका, स्टाफ तिथेच दमतो. बीपी-शुगरवाला पेशंट येईल तेव्हा त्याचा आजार, चालू औषधं, ॲलर्जी एवढं चढवा, बस. पण कागद लगेच रद्दीत नाही, २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे इनडोअर, म्हणजे ॲडमिट केलेल्या पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवावं लागतं आणि पेशंटने मागितलं तर ७२ तासांत द्यावं लागतं.

बॅकअप त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हला घेणारे महाभाग आहेत अजून. हार्ड डिस्क गेली की दोन्ही गेलं. एक कॉपी दवाखान्याच्या बाहेर ठेवा, तीही पासवर्ड लावून, आणि अधूनमधून दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. कंपनीला पैसे देण्याआधी एका डमी पेशंटचा पूर्ण डेटा बाहेर काढून दाखवायला सांगा, दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा फाईलमध्ये, नुसती पीडीएफ दाखवली तर चेक खिशातच ठेवा.