‘राहू दे, मी बघते’

डिझाइन टीममध्ये नुकतेच रुजू झालेले, किंवा हाताखाली दोन-तीन ज्युनियर येऊन पहिल्यांदाच ‘लीड’ झालेले, अशांसाठी हे लिहितेय. फिग्मा हे डिझाइनचं सॉफ्टवेअर, स्प्रिंट म्हणजे ठरावीक दिवसांचा कामाचा टप्पा, हँडऑफ म्हणजे डेव्हलपरांकडे डिझाइन सोपवणं, हे तुम्हाला माहीत आहेच. टीममध्ये एकमेकांना सांभाळायचं म्हणजे काय, हे मात्र कुठल्या कोर्सात नसतं. ऑफिसात ते बहुतेक वाढदिवसाचा केक आणि लोणावळ्याची आउटिंग एवढ्यावर आटोपतं. केक जरूर खा. पण जिथे शुक्रवारी संध्याकाळी ‘सोमवारी सकाळी हवंय’ असा मेसेज येतो, तिथे केकने काही होत नाही.

मला सगळ्यात महागात पडलं ते वर शीर्षकात दिलेलं वाक्य.

एका अ‍ॅपची मराठी आवृत्ती करत होतो. बटणांची उंची आणि लाइन-हाइट, म्हणजे ओळीला दिलेली उंची, इंग्रजी अक्षरांवर बेतलेली. त्यात देवनागरी घातली की वरून रफार-वेलांट्या छाटल्या जातात, खालून उकार. ‘पूर्ण करा’चं चक्क ‘पण करा’ झालं होतं. रिव्ह्यूत वरच्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘हे कोणी केलं?’ ज्युनियर मुलीचा चेहरा उतरला. मी म्हटलं, राहू दे, मी बघते. रात्री बसून सगळे स्क्रीन सरळ केले आणि पोरीला वाचवलं म्हणून खूशही झाले.

पुढच्या रिलीजला नव्या स्क्रीनवर पुन्हा ‘पण करा’. होणारच! लायब्ररीतलं, म्हणजे सगळे स्क्रीन जिथून तयार भाग उचलतात तिथलं, बटण तसंच होतं आणि लाइन-हाइटबद्दल तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी स्क्रीन दुरुस्त केले, चुकीचं मूळ तसंच ठेवलं. बरं, मॅनेजरच्या शीटवर काम वेळेत दिसत होतं, त्यामुळे आणखी एक माणूस मागितला तेव्हा उत्तर मिळालं, ‘तुमचं तर छान चाललंय.’ माझ्या रात्री त्या शीटमध्ये कुठेच नव्हत्या. आणि ज्या मुलीसाठी हे सगळं, ती पुढे एकदा चहा पिताना म्हणाली, ‘ताई, मला वाटायचं तुमचा माझ्यावर भरवसा नाही.’

म्हणून सांगते, दुसऱ्याचं काम गुपचूप उरकणं म्हणजे काळजी नव्हे. तिच्या शेजारी अर्धा तास बसा, बटण लायब्ररीतच बदला, माऊस तिच्या हातात ठेवा. आणि प्लॅनिंगच्या मीटिंगमध्ये तोंडाने सांगा की मराठीच्या तपासणीला वेगळा वेळ लागतो. हे सांगताना जीभ अडखळते, माझी अजूनही अडखळते. तरी सांगा.

‘कोणी केलं?’च्या जागी ‘हे निसटलं कसं?’ विचारणं हा नुसता गोडवा नाही. एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेने रुग्णालयांतल्या टीम पाहिल्या, तेव्हा चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुकांची नोंद जास्त निघाली. तिथले लोक चुका लपवत नव्हते, हा त्यामागचा तिचा तर्क. टीममधल्या मानसिक सुरक्षिततेवरचा, म्हणजे चूक किंवा शंका न घाबरता बोलता येण्यावरचा, तिचा गाजलेला निबंध 1999 चा. गूगलने 2012 पासून स्वतःच्या टीम तपासल्या, तेव्हा त्यांनाही हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची दिसली.

ज्युनियरांनो, तुमच्यासाठी थोडं. क्रिटला, म्हणजे टीम एकमेकांच्या कामावर मतं देते त्या बैठकीत, काम ठेवताना आधीच सांगा: हे कच्चं आहे, फक्त फ्लो (एका स्क्रीनवरून दुसऱ्यावर जाण्याचा क्रम) बघा, रंगावर बोलू नका. निम्मा मनस्ताप तिथेच वाचतो. रात्री अकराला आलेली फिग्मा कॉमेंट सकाळी वाचली तर आभाळ कोसळत नाही. मी वाचत नाही, नोकरी शाबूत आहे. रडू आलं तर येऊ द्या, पण लायक नसल्याचा पुरावा म्हणून ते मनात धरून बसू नका. रिव्ह्यूनंतर वॉशरूममध्ये तोंड धुवून आलेले सीनियर मी पाहिलेत.

पैसे घेऊन वीस मिनिटांत पोर्टफोलिओ तपासणाऱ्या मेंटरांबद्दल माझं मत वाईट आहे, ते तसंच राहू द्या. ज्याने स्वतःचं फेटाळलं गेलेलं काम तुम्हाला कधी दाखवलं नाही, तो फार तर ओळखीचा माणूस.

टीम आधीच ओळखायची असेल तर मुलाखतीत ‘कल्चर कसं आहे?’ विचारू नका, छापील उत्तर मिळतं. विचारा, ‘इथे शेवटची डेडलाइन कधी पुढे ढकलली आणि कोणाच्या सांगण्यावरून?’ जमलं तर हे तिथल्या सगळ्यात ज्युनियर माणसाला विचारा. उत्तर देण्याआधी त्याने मॅनेजरकडे पाहिलं, तर दुसरी ऑफर हातची सोडू नका.