नख बिघडलं म्हणजे बुरशीच, असं नसतं

पावसाळ्यात ओल्या बुटांनी लोकलचा प्रवास होतो, पायाचं नख पिवळं पडतं आणि मेडिकलमधून मलम येतं. ते लावण्याआधी नेलपॉलिश काढा आणि खिडकीच्या उजेडात वीसही नखं बघा. नुसत्या एका नखावरून काही ठरवू नका.

बुरशी बहुधा पायाच्या अंगठ्याला धरते. टोकाकडून किंवा कडेने नख जाड होतं, भुसभुशीत चुरा निघतो. सोरायसिस या त्वचेच्या आजारातही नख जाड होतं, सुटतं. गफलत होते ती इथेच. हाताची नखं उजेडात तिरपी धरा. खोल, वेडेवाकडे खळगे दिसले किंवा नखाखाली तेलाच्या थेंबासारखा तांबूस-पिवळा डाग असला, तर कोपर, गुडघे, केसांखालची आणि कानामागची कातडीही तपासा. बोटाचा शेवटचा सांधा सुजतोय, सकाळी आखडतोय? डॉक्टरांना न विसरता सांगा, कारण नखांच्या सोरायसिससोबत सांध्यांचा आजार येण्याची शक्यता वाढते. खळगे बारीक आणि ओळीत असतील तर डोक्यात चाई पडली आहे का, तेही बघा.

नख पातळ होऊन उभं चिरतंय आणि मुळाकडची कातडी नखावर चढतेय, तर लायकेन प्लेनस या त्वचारोगाची शंका घ्या. इथे उशीर परवडत नाही. कातडी एकदा चिकटून व्रण झाला, की तेवढ्या भागात नख पुन्हा उगवत नाही.

मासळी साफ करणाऱ्यांच्या, भांडी घासणाऱ्यांच्या नखाच्या मुळाशी सूज येते. हात कोरडे राहिले नाहीत तर नुसत्या मलमाने ती जात नाही. रबरी हातमोज्यांच्या आत सुती मोजे घाला, नखाच्या मुळाची कातडी कापू नका.

बुरशीच्या गोळ्या सुरू करण्याआधी नखाखालच्या चुऱ्याची केओएच तपासणी (चुरा सूक्ष्मदर्शकाखाली बघून बुरशी शोधतात) करून घ्या. मुंबईत केईएम, सायन, नायर, जे.जे. रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीत दाखवता येतं. आधीपासून मलम लावत असाल तर सांगा, नाहीतर बुरशी असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

सावळ्या माणसांत बऱ्याच नखांवर बारीक तपकिरी उभ्या रेघा असतात, त्यांची काळजी नको. पण एकाच नखावर नवी काळी रेघ आली, रुंद होत गेली किंवा रंग शेजारच्या कातडीवर उतरला, तर त्याच आठवड्यात दाखवा. तो मेलानोमा, म्हणजे कॅन्सर असू शकतो.

उपचार लागू पडतोय का, हे मुळाशी येणाऱ्या नव्या नखावरून कळतं. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिमी वाढतं. पायाचं पूर्ण बदलायला 12 ते 18 महिने लागतात. महिन्यातून एकदा, त्याच उजेडात फोटो काढून ठेवा.