अठराव्या वर्षी शिकाऊ लायसन्स काढताना

सोलापुरात बारावीची परीक्षा आटोपली की अनेक घरांत लायसन्सचा विषय निघतो आणि बहुतेक वेळा तो ‘ओळखीचा कुणी एजंट आहे का’ या प्रश्नापाशी येऊन थांबतो. वास्तविक शिकाऊ लायसन्सचा अर्ज मुलामुलींना घरबसल्या स्वतः भरता येतो, आणि त्यातली परीक्षा तरी त्यांनी स्वतःच द्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सर्वांत आधी वयाचा हिशेब समजून घ्यावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार चारचाकी किंवा नेहमीची दुचाकी चालवण्यासाठी १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. १६ वर्षांनंतर पालकांच्या लेखी संमतीने विनागिअर दुचाकीचे लायसन्स मिळू शकते खरे, परंतु ते ५० सीसीपर्यंतच्या इंजिनापुरतेच असते, आणि आपल्या दारात उभी असलेली स्कूटर साधारणतः ११० किंवा १२५ सीसीची असते. त्यामुळे अकरावीतल्या मुलाकडे असे लायसन्स असले, तरी घरातली स्कूटर क्लासला नेण्याची मुभा त्याला त्यातून मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. क्लासला दहा मिनिटे उशीर झालेला परवडतो. कृपया किल्ली देऊ नये.

अर्ज परिवहन खात्याच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर भरायचा असतो. सोलापूर कार्यालयाचा क्रमांक एमएच १३ आहे, तर अकलूजचे एमएच ४५ हे कार्यालय वेगळे आहे. म्हणून पत्त्याचा पिनकोड अचूक भरावा. आधारच्या आधारे अर्ज केल्यास कार्यालयात न जाता घरूनच परीक्षा देता येते, मात्र त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल हाताशी असावा लागतो. माझ्या मुलीच्या वेळी तो क्रमांक तिच्या आजोबांचा निघाला आणि आजोबा नेमके अक्कलकोटला दर्शनाला गेलेले; त्यांना फोन लावून ओटीपी विचारेपर्यंत त्याची मुदत संपली. तेव्हा क्रमांक जुना असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन तो बदलून घ्यावा, आणि नाव व जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळते का, हेही त्याच वेळी पाहावे.

वाहनाचा प्रकार विचारपूर्वक निवडावा. गिअरची दुचाकी निवडली की विनागिअर स्कूटरही चालवता येते, पण केवळ विनागिअर निवडल्यास मोटारसायकल चालवता येत नाही. केंद्रीय नियमांप्रमाणे शुल्क प्रत्येक प्रकाराला १५० रुपये आणि परीक्षेचे ५० रुपये आहे.

परीक्षेपूर्वी रस्तासुरक्षेची चित्रफीत पाहावी लागते. ती चालू ठेवून दुसरे काम करू नये. परीक्षेत १५ प्रश्न येतात आणि किमान ९ उत्तरे बरोबर यावी लागतात. कॅमेरा सुरू असल्यामुळे चेहऱ्यावर उजेड पडेल अशा जागी एकट्याने बसावे, आणि पालकांनी मागे उभे राहून उत्तर सुचवण्याचा मोह आवरावा. चिन्हे पाठ करण्याऐवजी त्यांच्या आकारामागची रीत लक्षात ठेवावी: गोल चिन्ह सक्ती किंवा मनाई सांगते, त्रिकोणी चिन्ह पुढच्या धोक्याचा इशारा देते आणि चौकोनी चिन्ह माहिती देते. अष्टकोनी ‘थांबा’ आणि उलट्या त्रिकोणाचे ‘रस्ता द्या’ ही दोन चिन्हे मात्र आकाराने निराळी असूनही सक्तीची आहेत. गळिताच्या हंगामात रात्रीच्या वेळी उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला, मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर अचानक समोर येतो, तेव्हा ‘ओव्हरटेक कधी करू नये’ हा प्रश्न गुणांपुरता राहत नाही. म्हणूनच दुसऱ्याने दिलेल्या परीक्षेवर गाडी चालवायला निघणे मला अत्यंत धोक्याचे वाटते.

लायसन्स हाती आले की गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी ‘एल’ अक्षर लावावे. पाटी १८ सेंटिमीटर चौरस आणि अक्षर १० सेंटिमीटर उंच असावे, असा नियम आहे. बोटभर स्टिकर त्यात बसत नाही. चारचाकी शिकताना शेजारी पक्के लायसन्स असलेली व्यक्ती बसलेली असावी. दुचाकीवर शिकवणारा लायसन्सधारक सोडून मागे कुणालाही बसवू नये, जिवलग मित्रालाही नाही. हेल्मेट पहिल्या दिवसापासून घालावे. सराव सकाळी लवकर, जुळे सोलापुरातल्या आतल्या रस्त्यांसारख्या मोकळ्या जागी सुरू करावा आणि हात बसल्यावरच सात रस्त्याच्या गर्दीत जावे.

शिकाऊ लायसन्सची मुदत सहा महिने असते आणि ते मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. कॉलेजच्या प्रवेशाच्या धावपळीत ही मुदत निघून जाते आणि पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागतो, म्हणून तिसरा महिना संपण्याआधी चाचणीची वेळ आरक्षित करावी. चाचणीच्या दिवशी गाडीचे नोंदणीपत्र, विमा आणि पीयूसी सोबत ठेवावे, आणि विम्याची तारीख आदल्या रात्रीच तपासून घ्यावी.