नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यात कामगारांचा हुरूप कसा टिकवाल

आधी पगार. तो पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत खात्यात पडलाच पाहिजे आणि ओव्हरटाइम दुप्पट दराने. कायदाच तो आहे. हे चुकत असेल तर बाकी सगळे उपाय लोकांना थट्टा वाटतात.

नागपुरात दुसरं म्हणजे ऊन. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. कूलर मार्चमध्येच दुरुस्त करा, पाळी सकाळी ६ ला लावा, जड काम ११ च्या आत उरका.

एवढ्याने नाराजी थांबते, हुरूप येत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये हाच फरक मांडला: कामाची ओढ लागते ती जबाबदारी, कौतुक आणि प्रगतीमुळे. म्हणून ऑपरेटरला मशीनची सेटिंग आणि पहिल्या नगाची तपासणी स्वतः करू द्या. शाबासकी त्याच दिवशी, नेमकी द्या: "टूल वेळेवर बदललंत, आज एकही नग रिजेक्ट नाही." नुसतं "छान" पोकळ वाटतं. चूक मात्र बाजूला नेऊन सांगा.

'महिन्याचा उत्तम कामगार' हा फलक टाळाच. एक खूश होतो, बाकीचे हिरमुसतात, आणि मग कोणी दुसऱ्याला हातची युक्ती शिकवत नाही. बक्षीस द्यायचं तर अख्ख्या पाळीला द्या.