एका सकाळीत अँटिबायोटिकचं ऑडिट कसं करायचं

ऑडिट म्हटलं की लोकांना वाटतं सॉफ्टवेअर लागणार, कमिटी बसणार. छोट्या हॉस्पिटलात काही लागत नाही हो, एक कागद, पेन आणि सिस्टरशी बरे संबंध. सकाळी ८ वाजता वॉर्डात जे ॲडमिट आहेत तेवढेच पेशंट घ्यायचे, नंतर आलेले सोडायचे, आणि एकेक फाइल उघडायची. डब्ल्यूएचओचा पॉइंट प्रिव्हलन्स सर्व्हे, म्हणजे ठरलेल्या एका वेळी किती जणांना काय चालू आहे याची मोजणी, साधारण असाच चालतो.

आधी किती जणांना अँटिबायोटिक चालू आहे ते मोजा. आकडा मोठा आला तर दचकू नका, २०२१-२२ मध्ये एनसीडीसीने (केंद्र सरकारची रोगनियंत्रण संस्था) देशातल्या २० मोठ्या हॉस्पिटलांत मोजलं तेव्हा जवळपास ७२ टक्के निघाले होते, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त डोस इन्फेक्शन होऊ नये म्हणून दिलेले.

खरी मजा पुढे. कशासाठी दिलंय ते केसपेपरवर लिहिलंय का? मला एक फाइल मिळाली, हर्नियाचं ऑपरेशन, पाचवा दिवस, ताप नाही, जखम कोरडी, आणि सेफ्ट्रिॲक्सोन चालूच, खाली रोज राउंडला नुसतं 'सीएसटी' (कंटिन्यू सेम ट्रीटमेंट, आहे तेच चालू ठेवा). म्हणजे कुणी थांबवायचं ठरवलंच नाही म्हणून चालू. ऑपरेशनचा डोस चिरा द्यायच्या आधी तासाभरात, आणि फार तर २४ तासांत बंद.

मग हे बघा की कल्चर (कोणता जंतू आहे ते शोधायची लॅब तपासणी) पहिल्या डोसच्या आधी गेलं का, ४८ ते ७२ तासांनी कुणी फेरविचार केला का, लहान मूल असेल तर वजन लिहिलंय का (आमच्याकडे हे हमखास नसतं).

औषधं डब्ल्यूएचओच्या ॲक्सेस (नेहमीची, आधी वापरायची), वॉच (जपून वापरायची), रिझर्व्ह (शेवटचा उपाय म्हणून राखलेली) यादीत टाका. ॲमॉक्सिसिलिन ॲक्सेस, सेफ्ट्रिॲक्सोन आणि ॲझिथ्रो वॉच, कोलिस्टिन रिझर्व्ह. पण वॉच दिसलं की लगेच लाल शेरा मारू नका, टायफॉइडला सेफ्ट्रिॲक्सोन बरोबरच आहे. कागदावर डॉक्टरचं नाव मात्र अजिबात नको, नाहीतर पुढच्या वेळी फाइलच मिळणार नाही.

ओपीडीचं वेगळं मोजा. फक्त सर्दी आणि पाण्यासारखे जुलाब, जिथे बहुतेकदा अँटिबायोटिक लागतच नाही, एवढ्या चिठ्ठ्या काढा आणि कितींवर अँटिबायोटिक गेलं ते बघा. आमचा तो आकडा सरांना दाखवायला मला दोन दिवस धीर गोळा करावा लागला.