फिजिओलॉजीत पीएचडी करायची आहे त काय काय लागते

दर जूनमधे गावाकडून दोन-तीन पोरापोरींचे फोन येतेच, का भाऊ बी.एस्सी. झाली, फिजिओलॉजीत, म्हणजे शरीर कसं चालते त्या विषयात, पुढं जायचं आहे, काय करू. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

एमबीबीएसवाल्यांचं वेगळं, ते नीट पीजी देऊन 3 वर्षांची एमडी करतात. आपण बी.एस्सी.वाले. एक त मेडिकल कॉलेजातली 3 वर्षांची एम.एस्सी. मेडिकल फिजिओलॉजी, नाहीतर विद्यापीठातली 2 वर्षांची झुऑलॉजी, अन मंग पीएचडी. झुऑलॉजीवर मेडिकलच्या विभागात घेतीलच असं नाही, फॉर्मचे पैसे भरायच्या आधी पात्रता वाचा बाप्पा.

पीएचडीले एम.एस्सी.त 55 टक्के पाहिजे. एससी, एसटी, ओबीसी, ईडब्ल्यूएस, दिव्यांग यांना 5 टक्के सूट, पण ओबीसीचं नॉन-क्रिमिलेअर चालू तारखेचं लागते अन ऐन ॲडमिशनच्या टायमाले सेतूत केवढी लाईन असते ते सांगाले नको, आधीच काढून ठेवा. प्रवेशासाठी नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्या, सायन्सवाल्यांची जी सीएसआयआरची नेट असते तिच्या लाईफ सायन्सेस पेपरात प्राण्यांच्या फिजिओलॉजीचं अख्खं युनिट आहे. त्यातून जेआरएफ, म्हणजे रिसर्चसाठी दर महिन्याले पैसे देणारी फेलोशिप, भेटली त पैशाचंही भागते. 2024 पासून जेआरएफ नाही पण नुसतं पीएचडीसाठी पात्र आलं तरी अर्ज करता येते, फक्त ते मार्क एकच वर्ष चालते अन त्यात 70 टक्के नेट, 30 टक्के मुलाखत.

आत गेल्यावर 12 ते 16 क्रेडिटचं कोर्सवर्क, दर सेमिस्टरले सल्लागार समितीपुढं उभं राहाचं, कमीत कमी 3 वर्षं अन जास्तीत जास्त 6. हे सगळं होऊन जाते.

अडकते ते एथिक्स कमिटीत, म्हणजे माणसांवरच्या अभ्यासाले मंजुरी देणाऱ्या कमिटीत. मी विषय घेतला होता जिनिंगमधल्या, म्हणजे कापसातून सरकी काढाच्या कारखान्यातल्या, मजुरांची फुफ्फुसं. स्पायरोमीटरात, म्हणजे श्वास मोजाच्या यंत्रात, जोरानं फुंकाले लावाचं अन पहिल्या सेकंदात किती हवा निघाली ते पाहाचं. कापसाच्या धुळीनं छाती आवळते ती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त, पुस्तकात सोमवार लिहिला आहे, आमच्याकडं जिनिंग बाजाराच्या दिवशी बंद म्हणून मी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी जात होतो, शिफ्टच्या आधी एक रीडिंग अन नंतर एक. चाळीस जणांचं झालं. पण कमिटीची मंजुरी यायची होती. गाईड म्हणाले हे सगळं फेका. मंजुरी आली तवा कापूस संपला, जिनिंगले कुलूप, अख्खं वर्ष गेलं.

म्हणून विषय पक्का व्हायच्या आधीच विचारा कमिटी कधी बसते, अन हंगामाच्या चार-पाच महिने आधी फाईल टाका. संमतीपत्र मराठीतच, अन मजुराले वाचता येत नसेल त वाचून दाखवाचं, अंगठा घ्याचा, सोबत साक्षीदाराची सही. उंदरांवर काम असेल त प्राण्यांची कमिटी वेगळी, तिचीही मंजुरी आधीच. कोरे फॉर्म पाच-दहा जास्तीचे न्या, जिनिंगमधे झेरॉक्स भेटत नाही.